विमानाचे पाय स्कूटरला देणारा अभियंता

सोमेश्वरनगर : उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की नीरा-बारामती रस्त्याचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्यांच्या रांगा, रस्त्यावर सांडलेले पाचट आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या दुचाकी. अलीकडे या दुचाकींपैकी काहींचे पुढचे चाक वेगळे दिसते. साध्या प्रवासी मोटारसायकलीला शर्यतीच्या धाटणीच्या गाडीचे जाडजूड सोनेरी फोर्क, भली मोठी डिस्क प्लेट आणि चार पिस्टनचे कॅलिपर बसवलेले असतात. मूळ शॉकअप भंगारात जातात आणि महागड्या गाडीचे जुने भाग पुण्या-मुंबईच्या बाजारातून येतात. एका यंत्राचा अवयव दुसऱ्याला लावण्याची ही हौस तरुणाईला नवी वाटत असली, तरी दुचाकीच्या इतिहासातील अशा कलमाचे सर्वांत यशस्वी उदाहरण ऐंशी वर्षांपूर्वीचे आहे. ते करणाऱ्या माणसाचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याने घडवलेले वाहन मात्र महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या अंगणात उभे राहिले आहे, आणि त्याचा आजचा अवतार याच बारामती तालुक्यात तयार होतो.

कोर्रादिनो दास्कानियो हे त्या अभियंत्याचे नाव. 'व्हेस्पा' या स्कूटरचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांना स्वतःला मात्र आयुष्यभर वेगळ्याच गोष्टीचा ध्यास होता.

दास्कानियो यांचा जन्म १ फेब्रुवारी १८९१ रोजी इटलीच्या अब्रुत्सो प्रांतातील पोपोली या डोंगराळ गावी झाला. राईट बंधूंच्या उड्डाणाची बातमी जगभर पसरली तेव्हा हा मुलगा शाळेत होता. पंधराव्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने एक ग्लायडर बांधले आणि गावाजवळच्या टेकड्यांवरून ते घेऊन उड्या मारल्या. पुढे तूरिनच्या तंत्रविद्यापीठातून १९१४ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. इटली युद्धात उतरल्यावर दास्कानियो सैन्याच्या विमानदलात इंजिनांच्या कामावर गेले, नंतर तूरिनच्या पोमिलिओ विमान कंपनीत आले. पोमिलिओ बंधूंनी अमेरिकेत इंडियानापोलिसला बस्तान हलवले तेव्हा १९१८ मध्ये तेही गेले. पण वर्षभरातच मायदेशी परतले.

परतले ते एकच कल्पना डोक्यात घेऊन. धावपट्टीची गरज नसलेले, जागच्या जागी वर उठणारे आणि हवेत स्थिर राहणारे यंत्र त्यांना करायचे होते. त्या काळात हेलिकॉप्टर हा शब्द शास्त्रज्ञांच्या बैठकीत थट्टेचा विषय होता. अनेकांनी प्रयत्न केले होते. यंत्रे थोडी वर उठत आणि कलंडत. १९२५ मध्ये पिएत्रो त्रोयानी या उमरावाचे पैसे आणि दास्कानियो यांची बुद्धी अशी भागीदारी पोपोलीत सुरू झाली. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून यंत्रांना 'डीएटी' असे नाव मिळाले. पहिली दोन यंत्रे फसली. तिसऱ्याने इतिहास घडवला.

या 'डीएटी-३' मध्ये एकाच अक्षावर एकावर एक असे दोन पंखे होते आणि ते परस्परविरुद्ध दिशांना फिरत. त्यामुळे एका पंख्याची पिळवट दुसरा रद्द करी आणि यंत्र स्वतःभोवती गरगरत नसे. पंख्याच्या पात्यांना मागच्या बाजूला छोटी पंखुडी जोडलेली होती. ती हलवली की फिरत्या पात्याचा कोन बदले आणि यंत्र हव्या त्या दिशेला झुके. इंजिन होते फियाट कंपनीचे, ९५ अश्वशक्तीचे. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चाम्पिनो विमानतळावर वैमानिक मारिनेल्लो नेल्ली याने हे यंत्र १८ मीटर उंच नेले, ८ मिनिटे ४५ सेकंद हवेत ठेवले आणि १ हजार ७८ मीटर अंतर उडवले. तिन्ही जागतिक विक्रम ठरले. आज हे आकडे किरकोळ वाटतील. सोमेश्वर कारखान्याच्या धुराड्याच्या निम्म्या उंचीलाही ते यंत्र कदाचित पोहोचले नसते. तथापि हेलिकॉप्टर उडू शकते आणि हाताच्या हुकुमात राहू शकते, हे त्या दिवसांत सिद्ध झाले. सिकोर्स्की यांचे गाजलेले हेलिकॉप्टर जमिनीवरून उठायला अजून नऊ वर्षे होती.

विक्रमांनी पोट भरत नाही. जागतिक मंदीत इटालियन सरकारने हेलिकॉप्टरमध्ये रस दाखवला नाही, त्रोयानी यांचा पैसा आटला आणि कंपनी बुडाली. चाळिशी ओलांडलेल्या दास्कानियो यांच्यापुढे नोकरीचा प्रश्न उभा राहिला. १९३२ मध्ये पियाजिओ कंपनीने त्यांना बोलावले. जहाजांचे अंतर्भाग आणि रेल्वेचे डबे बनवता बनवता ही कंपनी विमानांकडे वळली होती. दास्कानियो यांच्याकडे विमानाच्या पुढच्या पंख्याचे काम आले. उड्डाणाच्या वेळी पंख्याची पाती एका कोनात हवीत, वेगात जाताना दुसऱ्या. उडता उडता हा कोन बदलणारा पंखा त्यांनी सिद्ध केला आणि तो अनेक इटालियन विमानांवर बसला. १९३७ पासून ते पिसा विद्यापीठात यंत्ररचनाही शिकवू लागले. अध्यापनाचे हे काम त्यांनी १९६१ पर्यंत केले. फावल्या वेळात हेलिकॉप्टरची रेखाटने चालूच होती.

दुसऱ्या महायुद्धाने हे सारे उद्ध्वस्त केले. तोस्काना प्रांतातील पोन्तेदेरा येथील पियाजिओचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत आणि जर्मनांच्या माघारीत जमीनदोस्त झाला. पराभूत इटलीवर विमाननिर्मितीची बंधने आली. हजारो कामगारांना काय काम द्यावे, हा मालक एन्रिको पियाजिओ यांच्यापुढचा प्रश्न होता. रस्ते फुटलेले, पेट्रोल दुर्मीळ, मोटार घेण्याची कुणाची ऐपत नाही, आणि तरीही माणसांना कामावर जायचे होते. स्वस्त, हलके, स्त्री-पुरुष दोघांनाही चालवता येईल असे दुचाकी वाहन काढावे, असे त्यांनी ठरवले. बिएल्ला येथे स्थलांतरित केलेल्या विभागात एक नमुना तयार झाला. कामगारांनी त्याला 'पापेरिनो' म्हणजे डोनाल्ड डक असे नाव ठेवले. त्यात दोन पायांच्या मधोमध उंचवटा होता आणि बसायचे तर घोड्यावर टाकतात तशी टांग टाकावी लागे. एन्रिको यांना ते पसंत पडले नाही आणि त्यांनी काम दास्कानियो यांच्यावर सोपवले.

इथे गोष्टीला खरी गंमत येते. दास्कानियो यांना मोटारसायकली मुळीच आवडत नसत. त्यांनी आयुष्यात एकही दुचाकी आखलेली नव्हती. साखळीचे तेल कपड्यांना लागते, इंजिनाची धग पायाला बसते, आणि चाक पंक्चर झाले की ते काढणे म्हणजे दिव्य, असे त्यांचे आक्षेप होते. दुचाकीची परंपरा माहीत नसल्याने ती मोडण्याचेही त्यांना काही वाटले नाही. ज्या गोष्टींचा त्यांना राग होता, त्या त्यांनी एकेक करून काढून टाकल्या. साखळी नको म्हणून इंजिन आणि गिअर थेट मागच्या चाकाला जोडले. कपडे खराब होऊ नयेत म्हणून इंजिन पत्र्याखाली झाकले आणि पुढे पायांसाठी ढाल उभी केली. टांग टाकावी लागू नये म्हणून मधली जागा मोकळी सोडली. गिअर पायाऐवजी डाव्या मुठीत आणला. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पोलादी पत्र्याचे घडीव शरीरच सांगाड्याचे काम करू लागले. विमानाच्या धडाचे तेच तत्त्व.

आणि पुढचे चाक. मोटारसायकलीचा फोर्क चाकाला दोन्ही बाजूंनी धरतो. दास्कानियो यांनी विमानाच्या उतरण्याच्या चाकाकडे पाहिले. ते एकाच बाजूच्या दांड्यावर बसलेले असते आणि नट सोडले की दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर निघते. तीच रचना त्यांनी स्कूटरला दिली. वाकवलेली एक पोलादी नळी, तिच्या टोकाला हलणारा छोटा आर्म, त्यावर स्प्रिंग आणि चाक. पुढचे आणि मागचे चाक सारखेच असल्याने एकच स्टेपनी दोन्हीकडे चालू लागली. लुगड्यातील बाईला किंवा पांढऱ्या सदऱ्यातील मास्तरांनाही रस्त्याच्या कडेला पाच-दहा मिनिटांत चाक बदलता यावे, ही सोय त्या एका दांड्यामुळे आली. ज्यांनी कधी 'चेतक' चालवली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९४५ च्या शरद ऋतूपर्यंत नमुना तयार झाला. रेखाटनांच्या कामात मारिओ देस्ते हे त्यांचे सहकारी होते. मागून रुंद, मधे बारीक अशी आकृती पाहून आणि इंजिनाची भुणभुण ऐकून एन्रिको यांना गांधीलमाशी आठवली, असे सांगितले जाते. इटालियन भाषेत गांधीलमाशीला व्हेस्पा म्हणतात. २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्स येथे पेटंटचा अर्ज दाखल झाला. पहिल्या गाडीचे इंजिन ९८ सीसीचे, शक्ती सव्वातीन अश्वशक्तीच्या आसपास, गिअर तीन आणि वेग ताशी ६० किलोमीटर. किंमत ५५ हजार लिरा. १९४६ मध्ये अडीच हजारांच्या आत गाड्या गेल्या, पुढच्या वर्षी दहा हजारांवर. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे' या चित्रपटाने ती जगभर नेली आणि १९५६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

मात्र पुढच्या चाकाची ती एकदांडी रचना निर्दोष नव्हती, आणि या लेखाच्या निमित्ताने तिचे वैगुण्यही पाहायला हवे. पुढचा ब्रेक करकचून दाबला की व्हेस्पा किंवा चेतकचे नाक खाली जाते, हा अनुभव जुन्या चालकांना आहे. त्याचे कारण रचनेतच होते. आर्मचा सांधा चाकाच्या आसापुढे होता आणि ब्रेकची पाटी आर्मलाच घट्ट बसवलेली होती. ब्रेक लागला की फिरते चाक त्या पाटीला आपल्याबरोबर ओढू पाहते, आर्म वर उचलला जातो आणि स्प्रिंग दबते. शिवाय ब्रेक मारताना गाडीचे वजन तसेही पुढे झुकते. दोन्ही परिणाम एकाच दिशेने होत असल्याने नाक जमिनीकडे जाई. ताशी ४० किलोमीटरला हे खपून जाते. वेग वाढला तसा हा दोष बोचू लागला. १९५५ च्या 'जीएस १५०' ने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा गाठला तेव्हा आठ इंची चाके जाऊन दहा इंची आली. पुढे हायड्रॉलिक शॉकअप आले, आणि नंतरच्या पिढ्यांत ब्रेकची पिळवट आर्म दाबण्याऐवजी नाक सावरण्यासाठीच वापरणारी जोडणी आली. ड्रमच्या जागी डिस्क आली. दास्कानियो यांचा एक दांडा मात्र कोणी काढला नाही.

सध्या पुढचे चाक बदलून घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा असा मुद्दा यात आहे. अवयव उसना घेणे सोपे. उरलेले शरीर त्याला जुळवणे अवघड. दास्कानियो यांनी विमानाचा दांडा घेतला, पण चाकाचा आकार, वजनाची वाटणी, ब्रेक, स्टिअरिंगचा कोन हे सारे त्याच्याभोवती नव्याने बेतले. गॅरेजमधील बदलात बहुधा उलटे घडते. दांडा येतो, बाकी काही बदलत नाही. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीचा फोर्क प्रवासी गाडीच्या फोर्कपेक्षा आखूड असला, की पुढची बाजू खाली बसते आणि स्टिअरिंगचा कोन उभा होतो. चाक जमिनीला टेकते तो बिंदू आणि स्टिअरिंगचा अक्ष यांतील अंतर, ज्याला तंत्रज्ञ ट्रेल म्हणतात, कमी होते. मग हँडल हलके लागते, वळायला चपळ वाटते, आणि वेगात एखाद्या खड्ड्यावर थरथरू लागते. फोर्क धरणारी वरची-खालची टी आणि कोन सेट मूळ गाडीच्या मापाचे नसतात. मग लेथवर घासून, बुश घालून बसवले जातात. ज्या स्प्रिंगा जड आणि वेगवान गाडीसाठी बनल्या, त्या हलक्या गाडीखाली दबतच नाहीत आणि खड्ड्याचा दणका सरळ मनगटात येतो.

ब्रेकचेही तसेच. मोठ्या पिस्टनचे कॅलिपर आणले आणि मूठीजवळचा मास्टर सिलिंडर छोटाच ठेवला, तर लिव्हर दाबत हँडलला टेकायला येतो. उलट केले तर लिव्हर लाकडासारखा कडक लागतो. प्लेटचा व्यास, चाकाचा आस, वेगमापकाची जोडणी अशी जंत्री वाढतच जाते. आणि तीनशे मिलिमीटरची प्लेट जी ताकद लावते, ती शेवटी झेलायची असते मूळ चेसीच्या त्या बारक्या मानेने, जी ड्रम ब्रेकचा हिशेब धरून वेल्ड केलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, हा भाग वेगळाच. अपघातानंतर विम्याच्या कार्यालयात हे कलम आठवते. ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर, रात्री, मागे परावर्तक नसलेली ट्रॉली अचानक समोर आली, तर पुढच्या ब्रेकच्या त्या दोन बोटांवर सारे अवलंबून असते.

भारतात दास्कानियो यांची रचना पोहोचली ती पुण्यामार्गे. बजाज समूहाने आधी गाड्या आयात केल्या, १९५९ मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळवला आणि पियाजिओच्या सहकार्याने उत्पादन सुरू केले. १९७१ मध्ये हा करार संपला. १९७२ मध्ये चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे, पण पत्र्याचे शरीर, मुठीतला गिअर आणि पुढचा एकच दांडा ही घराण्याची ओळख तशीच राहिली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे, लग्नात हुंड्याच्या यादीत शिरलेली स्कूटर, सकाळी सुरू होईना म्हणून एका अंगावर कलती करून मग मारलेली किक. मध्यमवर्गीय महाराष्ट्राची दोन-तीन दशके या गाडीवरून गेली. चेतकचे उत्पादन २००६ मध्ये थांबले. नाव २०१९ मध्ये विजेवरच्या स्कूटरला पुन्हा मिळाले. तीनचाकीची गोष्टही दास्कानियो यांच्यापाशीच पोहोचते. व्हेस्पाच्या मागे दोन चाकांचा हौदा जोडून १९४८ मध्ये त्यांनी 'अ‍ॅपे' घडवली. अ‍ॅपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. पुण्याच्या कोणत्याही रिक्षाच्या पुढच्या चाकाकडे वाकून पाहिले, तर तोच एका बाजूचा दांडा दिसतो.

पियाजिओ स्वतः भारतात आली ती बारामतीला. १९९९ मध्ये अ‍ॅपे आली, आणि दूध, भाजी, गॅसच्या टाक्या, शाळेची मुले असे सगळे वाहणारी ही गाडी पुणे जिल्ह्याच्या गावोगावी दिसू लागली. एप्रिल २०१२ मध्ये बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत व्हेस्पाचे उत्पादन सुरू झाले; तिच्या जाहिरातीत विमानावरून घेतलेल्या सस्पेन्शनचा उल्लेख आवर्जून असे. डिसेंबर २००४ मध्ये पियाजिओने ताब्यात घेतलेल्या एप्रिलिया कंपनीची 'आरएस ४५७' ही शर्यती धाटणीची मोटारसायकलही बारामतीतच तयार होऊ लागली. भारतात ती डिसेंबर २०२३ मध्ये दाखल झाली. ४१ मिलिमीटरचे उलटे फोर्क, पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर. गावातले तरुण जे भाग शोधत शहरातल्या जुन्या बाजारात फिरतात, त्या जातीचे भाग घरापासून तासाभराच्या अंतरावर, ज्या गाडीसाठी बनले त्याच गाडीवर बसवले जात आहेत.

दास्कानियो यांना मात्र स्कूटरच्या कीर्तीने कधी समाधान दिले नाही. व्हेस्पा जग जिंकत असताना ते पियाजिओच्याच एका कोपऱ्यात हेलिकॉप्टरवर काम करत होते. युद्धकाळात 'पीडी-३' झाले, १९५० च्या सुमारास 'पीडी-४'. अपघाताने 'पीडी-४' मोडले आणि कंपनीने त्या प्रकल्पातून हात काढून घेतला. स्कूटर खपत असताना हेलिकॉप्टरवर पैसा ओतण्याचे कारण एन्रिको यांना दिसत नव्हते. व्यापाराच्या हिशेबाने ते बरोबरच होते, असे म्हणावे लागेल. पण ज्याने १९३० मध्ये जगाला मागे टाकले, त्याच्या डोळ्यांदेखत अमेरिकन कंपन्या हेलिकॉप्टरचा व्यवसाय उभारत होत्या आणि त्याच्या नावापुढे वर्तमानपत्रे स्कूटरचे चित्र छापत होती. अखेर त्यांनी पियाजिओ सोडली.

तरीही ते थांबले नाहीत. १९६४ पासून त्यांनी ऑगुस्ता या हेलिकॉप्टर कंपनीला सल्ला द्यायला सुरुवात केली. सत्तरी पार केलेल्या या गृहस्थांनी तिथे प्रशिक्षणासाठी एक लहान हेलिकॉप्टर आखले. त्याला 'एडीए' म्हणजे ऑगुस्ता-दास्कानियो असे नाव होते. तेही उत्पादनापर्यंत गेले नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, पिसा येथे त्यांचे निधन झाले. त्या वर्षी आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडत होत्या आणि ती मिळावी म्हणून नाव नोंदवलेली माणसे आपल्या पाळीची वाट पाहत होती.